गाठ आमची, मग विचारणाही आम्हालाच हवी!

भंडारा म्हटले की बाहेरच्यांना तलाव, तांदूळ आणि पितळेची भांडी आठवतात. आम्हा इथल्या माणसांना त्यासोबत तेंदूपाने, विडीची सुपे आणि पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्राही दिसतो. त्यामुळे ऊती अभियांत्रिकी हे भारदस्त नावाचे शास्त्र मला परके वाटत नाही.

या शास्त्रात रुग्णाच्या गाठीतल्या पेशी मऊ सांगाड्यावर वाढवतात. काचेच्या बशीत सपाट पसरलेल्या पेशींपेक्षा अशी गोळीदार गाठ शरीरातल्या गाठीसारखी अधिक वागते. औषध आधी तिच्यावर तपासता येते. जपानच्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेले. आता अशा पेशींपासून बशीत धडधडणारे हृदयस्नायूही तयार होतात. भारतानेही मार्च २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली.

पण ही प्रतिकृती कुणाच्या पेशींची? मुंबईच्या संशोधकांनी १९९० मध्ये तोंडाच्या कर्करोगापासून चार पेशीमालिका तयार केल्याचे प्रसिद्ध केले. तंबाखू-सुपारीच्या आपल्या देशात अशा पेशींचे मोल मोठे आहे. हृदयाचेही तसेच. भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांच्या हृदयस्नायूच्या एका जनुकात २५ अक्षरे गळालेली असतात आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २००९ मध्ये समोर आले. परदेशी माणसाच्या पेशींतून घडवलेल्या हृदयात हा दोष सहसा सापडणार कसा?

म्हणून आपल्या माणसांच्या पेशी प्रयोगशाळेत पोचल्याच पाहिजेत, असे माझे मत आहे. मात्र विचारून! अमेरिकेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी कमाई केली; तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली ती थेट २०२३ मध्ये.

आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाच्या संमतीची अट आहे. पण नागपूरला शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या विडी वळणाऱ्या बाईपुढे इंग्रजी कागद सरकवून अंगठा घेतला, तर ती संमती कसली? काढलेल्या गाठीचे काय होणार, तिचा उपयोग कुणाला, नकार दिला तर उपचार थांबणार नाहीत ना, हे तिला तिच्या बोलीत, बसवून सांगितले पाहिजे. त्याला दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे मिळाली, तर आमची माणसे हात आखडता घेणार नाहीत, याची मला खात्री आहे.