एकाची सद्दी सरताना

“काय सर, अमेरिकेची सद्दी संपली म्हणायची का?” हा प्रश्न हल्ली वर्गात तर विचारला जातोच, पण लग्नाच्या पंगतीत, सलूनच्या बाकावर आणि खानापूरच्या बसमध्येही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडा आनंद असतो. गल्लीतल्या दादाला कोणीतरी जाब विचारला की शेजाऱ्यांना होतो, तसा. मी इतिहासाचा मास्तर. मला या आनंदात सहजासहजी सामील होता येत नाही. का, ते आज सांगतो.

सुरुवात १९९१ पासून करू. त्या वर्षी २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल बावटा उतरला. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची दोन गटांत झालेली वाटणी संपली आणि महासत्ता एकच उरली. आपल्या देशालाही ते वर्ष फार कठीण गेले. आखाती युद्धामुळे तेल महागले, परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते राहिले आणि सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. शस्त्रे आणि रुपयांतला व्यापार ज्याच्या भरवशावर चालत होता, तो सोव्हिएत संघच नाहीसा झाला.

एकाच महासत्तेच्या जगात राहणे म्हणजे काय, हे पुढे आपण पाहिले. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. मार्च २००३ मध्ये सुरक्षा परिषदेची संमती नसताना अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण सांगितले होते, ती सापडलीच नाहीत. पण जाब विचारणार कोण? त्या वेळी भारतीय संसदेने युद्धाची निंदा केली. पुढे जुलैमध्ये, अमेरिकेची इच्छा असूनही, इराकमध्ये फौज न पाठवण्याचा निर्णय वाजपेयी सरकारने घेतला. एकाच दादाच्या जगातही ‘नाही’ म्हणता येते, हे तेव्हा दिसले.

त्याच काळात जमीन हळूहळू सरकत होती. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला आणि बघता बघता जगाचा कारखाना झाला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. ती आग विझवायला श्रीमंत देशांची नेहमीची बैठक पुरेना, म्हणून नोव्हेंबरात वॉशिंग्टनला भारत, चीन, ब्राझील यांच्यासह वीस जणांच्या गटाच्या नेत्यांना प्रथमच एकत्र बसावे लागले. २००९ मध्ये रशियातल्या येकातेरिनबुर्गला ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांची पहिली शिखर परिषद झाली. नंतर त्यात दक्षिण आफ्रिका आली, २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण व अमिराती आणि २०२५ मध्ये इंडोनेशिया. या मंडळींनी शांघायला स्वतःची बँकही काढली. तिचे पहिले अध्यक्ष होते आपल्या कर्नाटकातल्या मंगळूरचे के. व्ही. कामत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलर्सची परकीय गंगाजळी गोठवली. तेव्हा अनेक देशांच्या मनात आले, आज त्याची तिजोरी बंद झाली, उद्या आपली झाली तर? शतकाच्या सुरुवातीला जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक होता. २०२४ पर्यंत तो ५८ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे सद्दी संपलेली नाही, पण उतरणीला लागली आहे. डॉलरच्या हिशेबात सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आणि सर्वांत मोठा लष्करी खर्च आजही अमेरिकेचाच आहे.

मग आनंद का नको? कारण दादा दुबळा झाला म्हणून गल्ली आपोआप शांत होत नाही. उलट कोणाची हद्द कुठपर्यंत, हे नव्याने ठरू लागते आणि त्या झटापटीत काचा आपल्या घराच्या फुटतात. २०२२ साल आठवा. युद्धापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा फार मोठा हिस्सा युक्रेनमधून येत होता. तिकडे बंदरे बंद झाली आणि इकडे आपल्या वहिनींच्या हातातली तेलाची पिशवी महागली. त्यातच एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. युक्रेनमध्ये डॉक्टर व्हायला गेलेली कर्नाटकातली, महाराष्ट्रातली मुले तळघरांत अडकून पडली. सुमारे वीस-बावीस हजार भारतीयांना परत आणावे लागले. चीनने २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, त्याची झळ उसाच्या फडापर्यंत पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये, आपण रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. उद्यमबागेतले कास्टिंग असो वा हत्तरगीला बनणारे विमानाचे सुटे भाग, ज्यांचे गिऱ्हाईक सातासमुद्रापार आहे, त्यांना वॉशिंग्टनची प्रत्येक बातमी आता कान देऊन ऐकावी लागते.

अनेक सत्तांचे जग हे आपल्या भागाला नवे नाही. १७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि दिल्लीची सद्दी सरली. त्यानंतर दख्खनमध्ये पुणे, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण अशा तीन बलाढ्य सत्ता उभ्या राहिल्या. चौथा, किनाऱ्यावरचा व्यापारी, इंग्रज. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी ओळखले की खरा धोका या चौथ्याचा आहे. त्यांनी पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी इंग्रजांविरुद्ध जुळवली. हैदर कर्नाटकच्या रणात उतरलाही. पण इंग्रजांनी निजामाला आणि भोसल्यांना एकेक करून बाजूला काढले.

दहा वर्षांनी चित्र उलटे झाले. मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध उतरले. परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रज तुकडी सोबत घेऊन धारवाडच्या किल्ल्याला सहा महिन्यांहून अधिक वेढा घातला. १७९१ मध्ये किल्ला मिळाला. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले आणि तिघांनी ते वाटून घेतले. त्या दिवशी पुण्यात आनंदच झाला असेल. पण १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौज स्वीकारली, १७९९ मध्ये टिपू पडला, १८०२ अखेर पेशव्यांनी वसईला सही केली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्या वर्षी मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरच्या देसाईंनी त्याला मदत केली होती. सहाच वर्षांनी इंग्रज कित्तूरच्या दारात उभा राहिला आणि राणी चन्नम्मांना तलवार उपसावी लागली.

आपण मराठीत म्हणतो, दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. शेजारचे अप्पा कन्नडमध्ये म्हणतात, ‘इब्बर जगळ, मूरनेयवनिगे लाभ.’ दोन्ही भाषांना हे शहाणपण ठाऊक होते, दोन्ही दरबारांना मात्र ते वेळेवर सुचले नाही. अनेक सत्ता असणे हा त्यांचा दोष नव्हता. प्रत्येकाने समोरच्या शेजाऱ्याकडे पाहिले आणि पुढच्या दहा वर्षांकडे पाहिले नाही, हा दोष होता.

आजच्या दिल्लीला हे अवघड गणित रोज सोडवावे लागते. ज्या चीनसोबत आपण एका गटात बसतो, त्याच चीनशी जून २०२० मध्ये गलवानला झटापट झाली आणि आपले वीस जवान गेले. ज्या अमेरिकेत आपली मुले शिकतात आणि आपला माल विकला जातो, तीच शुल्काचा बडगा उगारते. ज्या रशियाने १९७१ मध्ये साथ दिली, तो आज चीनच्या जवळ सरकला आहे. यात कायमचा सोयरा कोणी नाही.

म्हणून कोणी “आता अमेरिकेची खोड मोडली” म्हणून टाळी मागितली, तर मी विचारतो, आपल्या तेलाचे, खताचे, शस्त्रांचे आणि बाजाराचे काय? यांपैकी किती गोष्टी एकाच्याच हातात आहेत? ज्या वस्तूसाठी तीन दुकाने उघडी आहेत, तिच्या भावात घासाघीस करता येते. जिथे एकच दुकान आहे, तिथे दुकानदाराचे नाव वॉशिंग्टन असो, मॉस्को असो की बीजिंग, आपल्याला मान खाली घालूनच उभे राहावे लागते.

अनेक सत्तांच्या जगात आपल्याला निवड करता येते, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिचा उपयोग ज्याच्या घरात काही साठा आहे, ज्याच्या हाताला हुन्नर आहे आणि ज्याचे शेजाऱ्यांशी बरे आहे, त्यालाच होतो. बाकीच्यांचा फक्त मालक बदलतो. बेळगावच्या खंदकाकाठून जाताना मुलांना एवढे सांगितले, तरी परराष्ट्र धोरणाचा पहिला धडा झाला.