मॉडेलची घाई, पायाची हेळसांड

परीक्षांचे निकाल लागले की ‘सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हा’ अशा जाहिरातींना ऊत येतो. त्यांत मशीन लर्निंग, न्यूरल नेटवर्क अशी वजनदार नावे ठळक अक्षरांत असतात. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन आणि फाइल नीट वाचणे हे मात्र चार तासांत उरकले जाते. हा क्रम उलटा आहे. आकडेवारीच्या कामात घात होतो तो बऱ्याचदा अवघड गणितात नव्हे, तर या साध्या पायऱ्यांवर. आणि इथली चूक गाजावाजा न करता उत्तरात मिसळून जाते.

याचे दाखले मोठमोठ्या ठिकाणी सापडतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत १५,८४१ करोनाबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, एवढेच त्यामागचे कारण. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात सरासरीचे सूत्र २० पैकी १५ देशांवरच लागले होते. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये ते उघडकीस आणले. ही चूक, गाळलेली काही वर्षे आणि सरासरीची पद्धत हे सारे दुरुस्त केल्यावर अतिकर्जबाजारी देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाला. दोन्हीकडे बुद्धी कमी पडली नव्हती. हिशेबाची पायरी कोणी तपासली नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा, लासलगावच्या कांद्याच्या भावाची, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याची फाइल पायथन या प्रोग्रामिंग भाषेत उघडली. तारखा आपल्या पद्धतीने, म्हणजे ०१/०४, ०२/०४ अशा लिहिल्या आहेत. दिवस आधी आहे हे बजावले नाही, तर पांडाज ही लोकप्रिय लायब्ररी अमेरिकी रिवाजाने त्यांना ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी असे समजते. एका आठवड्याचे भाव जानेवारी ते जुलैपर्यंत विखुरतात, आलेखही छान निघतो आणि कुठलीही सूचना येत नाही. भावाच्या रकान्यात एका दिवशी ‘बंद’ असे लिहिले असेल, तर अख्खा रकाना मजकूर ठरतो. मग १२०० आणि १३०० यांची बेरीज २५०० नव्हे, १२००१३०० होते. अशा रकान्यावर कितीही भारी मॉडेल बसवले तरी भाकीत फुकटच जाणार.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आता एआय कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला? पण त्या तारखा कोणत्या रिवाजाने लिहिल्या आहेत, ‘बंद’ म्हणजे शून्य भाव की नोंदच नाही, हे प्रश्न ज्याला सुचतात तोच त्या कोडला जाब विचारू शकतो. कोड जितका झटपट मिळेल, तितकी तो वाचणाऱ्याची गरज वाढते. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: नुसती मुळाक्षरे गिरवायला लावली तर मुले कंटाळून सोडून देतात. त्यावर उपाय मुळाक्षरे टाळण्याचा नाही. पाढे छापायला लावण्याऐवजी तालुक्याचा पाऊस किंवा बाजार समितीची आवक हाती द्यावी; लूप आणि फंक्शन कशासाठी असतात हे तिथे आपोआप कळते.

इंग्रजीची भीतीही वाटते तितकी खरी नाही. पायथनचे राखीव शब्द जेमतेम तीन डझन आहेत. व्हेरिएबलला ‘भाव’, ‘आवक’ अशी देवनागरी नावे देता येतात, आणि देवनागरीत लिहिलेला ‘१२००’ हा मजकूरही पायथन सरळ संख्येत बदलते. महागडा लॅपटॉपही लागत नाही, ब्राउझरमध्ये गुगल कोलॅबवर काम भागते. चुकांचे संदेश आणि मदतपुस्तिका मात्र इंग्रजीत आहेत; ती उणीव मराठीत शिकवणाऱ्यांनी भरून काढायला हवी.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढेच विचारावे: अस्ताव्यस्त फाइल वाचणे आणि साफ करणे किती आठवडे शिकवणार? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे खिशातच ठेवावेत.