लाइकमधला वाघ आणि ज्वारीतला वाघ

डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला आणि बार्शी-धाराशिव पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपना नवा विषय मिळाला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून सुमारे पाचशे किलोमीटर तुडवत हा तरुण नर इथवर आला होता. येडशीचे अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचे, एका नर वाघाला अंगणाएवढे. तो शिवारात उतरणार हे उघडच होते. त्याने जनावरे मारली, बार्शी तालुक्यातही त्याचा वावर राहिला. पकडून सह्याद्रीत सोडण्यासाठी ताडोब्याहून पथक आले, पण तो महिनोन्महिने हाती लागला नाही. अशा वेळी मोबाईलवर बदामांचा पाऊस पडतो, पाठोपाठ ‘गोळ्या घाला’चाही. माझे म्हणणे एवढेच की हे दोन्ही उद्गार चित्राला दिलेले असतात, वाघाला नव्हे, आणि म्हणून वाघाचे काय करायचे हे ठरवताना त्यांची मोजदाद धरू नये.

भावना खोटी असते असे मात्र नाही. इंडियाना विद्यापीठातल्या जेसिका मिरिक यांनी 2015 मध्ये मांजरांचे व्हिडिओ पाहणाऱ्या जवळपास सात हजार जणांची पाहणी प्रसिद्ध केली. व्हिडिओ पाहिल्यावर चिंता, चिडचिड, उदासी कमी होते आणि हुरूप वाढतो, असे या लोकांनी सांगितले. कॉन्राड लॉरेंझ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने तर 1943 मध्येच मांडले होते की मोठे डोके, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की माणसाच्या मनात पिल्लाला जपण्याची ओढ जागी होते. मांजराने सोफ्यावरून उडी चुकवली म्हणून दिवसभराचा शीण जात असेल तर त्यात कोणाचे काय गेले? काहीच नाही. पण या सुखाला किंमत पडत नाही, म्हणूनच ते इतके निर्मळ असते. तोच अंगठा, तीच सवय घेऊन आपण वाघाच्या व्हिडिओकडे वळतो, तेव्हा किंमत कोणीतरी मोजतच असते. फक्त ती माणसे चौकटीबाहेर असतात.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पांढरकवडा भागातली टी-1 वाघीण ‘अवनी’ या नावाने देशभर पोचली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती मारली गेली. शहरांत निषेध झाले, केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी ट्विटरवरून राज्याच्या वनमंत्र्यांना धारेवर धरले. तिकडे तिच्या परिसरातल्या गावांत लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोनच वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये, आपल्याच सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळ नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्याच्यासाठी तसा देशव्यापी गहजब झाला नाही. अवनीच्या गोळीबारावर कायदेशीर प्रश्न होते हे खरे, आणि ते विचारायलाच हवे होते. पण लाखो लोक काही त्या कलमांसाठी हळहळत नव्हते. तिला नाव होते, मागे दोन बछडे होते, सांगण्यासारखी गोष्ट होती. करमाळ्याच्या बिबट्याला यातले काही मिळाले नाही. प्राण्याच्या जिवाचे मोल असे नावागावावर ठरत असेल तर त्याला प्राणिप्रेम म्हणणे जरा जड जाते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. लोकांच्या याच प्रेमामुळे वाघ वाचला. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, 2022 च्या गणनेत राज्यात 444 वाघ निघाले, ते काय कोरड्या अहवालांमुळे? मान्य. लोकांना वाघ हवासा वाटला नसता तर एकाही सरकारने त्याच्यासाठी पैसा मोडला नसता. पण त्या हवेसे वाटण्याचे रूपांतर अभयारण्यात, पहाऱ्यात, पुनर्वसनात झाले, त्याला वर्षे लागली. बदाम टाकून पुढच्या रीलवर जाणारे प्रेम त्या वाटेला लागतच नाही. दुसरा आक्षेप असा की शेजारी राहणाऱ्यांची भीतीही भावनाच, मग तिला मान का? भीतीचाही बाजार आहेच. 2025 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्यांची चित्रे पसरली आणि वनखात्याला खुलासे करत बसावे लागले. त्या भीतीला मी मान देत नाही. मान द्यायचा तो जानेवारीत रात्री ज्वारीला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या भीतीला. लाइट रात्रपाळीची असेल तर दारे धरायला अंधारातच जावे लागते. बॅटरीचा उजेड दोन सरींपुढे पोचत नाही, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, आणि वस्तीवर वासरू दाव्याला बांधलेले. या माणसाला वाघ देखणा आहे की क्रूर, हा प्रश्नच पडत नाही. तो काल कुठल्या शिवारात होता एवढेच त्याला हवे असते.

आणि नेमके तेच मोबाईलवरून देता येते. मुंबईत 2011 पासून वनखाते, विद्या अत्रेय यांच्यासारखे अभ्यासक आणि नागरिक यांनी संजय गांधी उद्यानाभोवतीच्या बिबट्यांबद्दल पत्रकारांशी बोलणी सुरू केली. ‘बिबट्याची दहशत’ या ठरीव मथळ्यांच्या जागी बिबट्या कसा वागतो, काय टाळायचे, याच्या बातम्या येऊ लागल्या. अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या उसात केलेल्या अभ्यासातून दाट वस्तीतही बिबटे माणसांना न मारता राहतात हे पुढे आले होते, त्याचा आधार या बोलण्याला होता. बार्शी-येडशी पट्ट्यातही वनखात्याने गावांचे ग्रुप स्वतः चालवावेत. पक्का ठसा मिळाला की गावाचे नाव आणि वेळ, एवढा दोन ओळींचा निरोप तासाभरात जावा. त्याच ग्रुपवर हेही सांगावे की जनावर मेले तर मुदतीत वनखात्याला कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवायचे नाही, कारण भरपाई त्यावरच अडते. वाघ फिरतीवर आहे तोवर त्या शिवाराच्या फिडरला शेतीची वीज दिवसा देण्याचा निर्णय तर महावितरण आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एका बैठकीत घेण्याजोगा आहे.