घोड्यांच्या पागेतून लशीच्या कुपीपर्यंत

डॉ. सायरस पूनावाला यांचा जन्म १९४१ सालचा, पुण्यातल्या पारशी घराण्यातला. घरचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. पुण्याच्या बीएमसीसी महाविद्यालयात बारामतीचे शरद पवार त्यांच्या वर्गात होते. ती मैत्री पुढे कायम राहिली.

शर्यतीतून बाद झालेले घोडे पूनावालांच्या फार्मवरून मुंबईच्या हाफकिन संस्थेत जात. तिथे घोड्याला धनुर्वाताचे टॉक्सॉइड वाढत्या मात्रेने टोचत. रक्तात पुरेशी प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्त काढून त्यातला द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करत आणि शुद्ध करून प्रतिविष बनवत. त्या काळी देशात प्रतिविषे आणि लशी अपुऱ्या पडत, आयात महाग पडे. घोडे आपले, मग सीरम दुसऱ्याने का काढावे, या हिशेबाने १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. भांडवल घोडे विकून उभे केले. भाऊ झवरे सोबत होते. आधी धनुर्वाताचे प्रतिविष बाजारात आले, मग घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची त्रिगुणी लस, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि गोवराची लस.

व्यवसायाचे गणित सरळ होते: दर कमी, माल भरपूर. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची खरेदी खुली झाली. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी ५० अमेरिकी सेंटांहून कमी दराची लस हवी होती. ती सीरमने बनवली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. कंपनी शेअर बाजारात नसल्याने असे निर्णय घरातच होऊ शकले. २०११ मध्ये मुलगा अदर यांनी कारभार हाती घेतला. २०१२ मध्ये नेदरलँड्समधली बिल्थोवन बायोलॉजिकल्स विकत घेतली.

कोव्हिडकाळात याच कारखान्याच्या कोव्हिशिल्ड लशीने देशाचे बहुतांश लसीकरण पेलले. मात्र २०२१ च्या दुसऱ्या लाटेत निर्यात थांबली, तेव्हा गरीब देशांना वाट पाहावी लागली. एकाच कारखान्यावर अनेक देशांनी विसंबण्याची जोखीम तेव्हा उघडी पडली. पूनावालांना २००५ मध्ये पद्मश्री, २०२२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

कारखान्याचे काम कुपी भरली की संपते. पुढचे काम गावात होते. पुणे जिल्ह्यात मोरगावच्या जिरायती वाडीवर असो की इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, गोवर-रुबेला लशीची पूड तिच्याच द्रावकात मिसळावी लागते, आणि मिसळलेली लस चार तासांनंतर टाकून द्यावी लागते. कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर ती कुपी वापरायचीच नाही. लस स्वस्त झाली म्हणून तिची हेळसांड परवडत नाही. लसीकरण सत्राला बसणाऱ्या प्रत्येकाने कुपी उघडण्याआधी ही खूण आणि उघडल्यावर घड्याळ पाहावे.