‘तुम्ही घरी बसा’ म्हणणाऱ्यांना

करोनाने कुणी गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘शुगर होती का?’ होती म्हटलं की विचारणारा निश्चिंत होतो. जाणारा जाणारच होता, आपल्याला धोका नाही! मी स्वतः मधुमेही आहे. माझ्यादेखत हे बोललं जातं, तेव्हा माझं नाव आधीच खोडून टाकल्यासारखं वाटतं.

याच विचारातून सल्ला निघतो, ‘आजारी माणसांनी घरी बसावं, बाकीच्यांनी का अडकून पडायचं?’ ऐकायला रास्त आहे. पण घर म्हणजे काय? धारावीत, मुंब्र्यात एकेका खोलीत सहा-सात माणसं झोपतात. अब्बा दाराबाहेर पडले नाहीत, तरी मुलगा कामावरून आणि नातू गल्लीतून त्याच खोलीत येणार. शौचालय अख्ख्या वस्तीचं. अब्बांनी बसायचं कुठे?

जुलै २०२०मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. झोपडपट्टीतली माणसं साडेतीन पट बेफिकीर होती काय? दाटीत राहणाऱ्याची खबरदारी शेजाऱ्याच्या हातात असते, एवढाच याचा अर्थ.

आमच्यातले काही जण यावर ‘मौत का वक़्त मुक़र्रर है’ म्हणतात आणि मास्क हनुवटीवर ओढतात. हजरत उमर शामकडे निघाले असता वाटेत सरग इथे त्यांना पुढे साथ असल्याचं कळलं. त्यांनी जाणत्यांशी मसलत केली आणि साऱ्या लोकांसह माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असं अबू उबैदांनी विचारलं. एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच जातो आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ‘अशक्तांनी मागे थांबा, धडधाकट पुढे चला’ असा हुकूम त्यांनी दिला नाही. फिरले ते सगळेच.

रोजंदारीवर जाणाऱ्याला मी दोष देत नाही. खाडा झाला तर त्याची चूल विझते. तापात त्याला पगारी सुट्टी देणं मालकाचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेणं सरकारचं. माझा राग आहे तो पाचशे माणसांचा वलीमा करून दम्याच्या फूफीला ‘तुम्ही येऊ नका’ सांगणाऱ्यांवर. फूफी आल्या नाहीत. पण दावतीतून परतलेला त्यांचा मुलगा रात्री त्यांच्याच शेजारी झोपला. त्याला कुणी अडवलं होतं?

कापडी मास्क लावणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त वाचवतो. म्हणून तो आधी धडधाकटाने लावायचा आहे. आमची शुगर आम्ही सांभाळू, गोळ्या वेळेवर घेऊ. तुम्हाला खोकला आला तर आमच्या खोलीत येऊ नका आणि पाचशेच्या जागी पंचवीस माणसांत निकाह उरका. एवढंही जमत नसेल, तर आमच्या जनाज्याला येऊन ‘शुगर होती का?’ विचारू नका.