प्रवाळांची खातेवही

ज्याची ओळख पटत नाही, त्याची गणती कशी करावयाची? लिनिअसने १७५८ साली वर्णिलेल्या ‘पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस’ या प्रवाळाचेच पाहा. शांत पाण्यात त्याच्या फांद्या लांब व नाजूक, तर लाटांच्या माऱ्यात आखूड व जाड होतात. जनुकीय तपासणीने दुहेरी चूक उघड केली : भिन्न दिसणारे काही प्रवाळ एकाच जातीचे निघाले, तर एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या. वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करारही कित्येक पाषाणप्रवाळांबाबत जातीऐवजी वंशाचे नाव चालवून घेतो. व्यापारापुरती ही सवलत ठीक. परंतु दुर्मीळ जात विपुल जातीच्या खात्यात जमा झाली, तर तिचा लोप कोणत्याच हिशेबात दिसणार नाही. संरक्षक कायद्यांइतकीच वर्गीकरणतज्ज्ञांचीही निकड आहे, ती यासाठीच.