रोगी मोजा, निरोगीही मोजा

पावसाळा लागला की जुलाब-वांत्यांच्या आणि जेवणातून झालेल्या विषबाधेच्या बातम्या विदर्भात ठरल्याप्रमाणे येऊ लागतात. अमुक जण रुग्णालयात, नमुने तपासणीस रवाना, चौकशीचे आश्वासन. आणि पुढची पंक्ती बसली की मागचा प्रसंग विस्मृतीत जातो. या साऱ्या धावपळीत एक साधी गोष्ट अनेकदा राहून जाते, असे आम्हांस वाटते. आजारी किती पडले हे आपण मोजतो. कोण पडले नाहीत हे मोजत नाही. हिशेबातील ही उणीव प्राणांवर बेतू शकते.

निरोग्यांची मोजणी किती बोलकी असते, याचा दाखला याच देशातील आहे. कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉ. मॅकेंड्रिक यांनी १९२६ साली एका भारतीय खेड्यातील पटकीच्या साथीचे आकडे प्रसिद्ध केले. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६. धोका सर्व घरांना सारखाच असता, तर दोन वा अधिक रोगी असलेली घरे सुमारे तेरा निघावयास हवी होती. प्रत्यक्षात ती तेवीस निघाली. उलट, धोका केवळ ९३ घरांनाच होता असे गृहीत धरले की ३२, १६, ६, १ ही उतरंड जवळजवळ नेमकी जुळते. त्या ९३ पैकी सदतीसेक घरे दैवयोगाने सुटली. उरलेल्या १३० घरांना धोका नव्हताच! यावरून मॅकेंड्रिक यांनी अनुमान काढले, की गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. स्थानिक तपासात तसेच आढळले.

गणिताने येथे विहीर शोधली नाही; विहीर शोधावी कोठे हे सांगितले. एवढेच त्याचे काम, परंतु तेवढे ते अचूक करते. अन्नाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. जेवणानंतर सहा तासांच्या आतच सर्वांना वांत्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच साठलेल्या विषाचा संशय घ्यावा. बारा ते छत्तीस तासांनी जुलाब व ताप आला, तर पोटात वाढणाऱ्या साल्मोनेलासारख्या जंतूंचा. जंतू अनुकूल उष्णतेत वीस मिनिटांत दुप्पट होतात; या हिशेबाने सकाळी शिजवून झाकून ठेवलेल्या पातेल्यात एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. मात्र बासुंदी दोषी की मसालेभात, याचा निवाडा ती न खाताही पंक्तीला बसलेला पाहुणाच देऊ शकतो. त्याची साक्ष घेतो कोण?

पटकीच्या त्या खेड्याला आता शतक लोटले. तरीही २०२२ च्या जुलैत मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन माणसे पटकीने दगावली. ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि आज नीरी या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरात आहे. वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अभियांत्रिकीचे गणितज्ञ आहेत. उणीव आहे ती नोंदींची. साथ उद्भवताच महापालिकेने त्या वस्तीतील प्रत्येक घराची, निरोगी घरासकट, नोंद करावी: पाणी कोणते, जेवण कोठले, लक्षणे किती वाजता. हे आकडे गणितज्ञांच्या हाती त्याच दिवशी पडावेत. यास यंत्रसामग्री नको. वही आणि शिस्त हवी.

सुशिक्षित नागरिकांनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या घरच्या मंगल कार्यात अघटित घडले की अब्रूच्या भयाने निमंत्रितांची यादी आणि उरलेले अन्न दोन्ही नाहीशी केली जातात. पुरावा असा नष्ट झाला की त्याच आचाऱ्याच्या हातचे पातेले दुसऱ्या मांडवात चढावयास मोकळे होते. यजमानाची अब्रू यादी लपविण्याने राहत नाही. पुढच्या पंक्तीतील मूल वाचविण्याने राहते.